तळटीप : शस्त्रक्रियेनंतर उरणारी जोखीम

* मजकुरातल्या ‘धोका टळला’ या शब्दांना पुस्ती जोडणं आवश्यक आहे. अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी मे २०१३मध्ये ‘द न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिलं, की दोन्ही स्तन काढल्यावर स्तनाच्या कर्करोगाची शक्यता ८७ टक्क्यांवरून ५ टक्क्यांखाली आली. शून्यावर नाही. स्तनाची ऊती कातडीच्या आतल्या बाजूला आणि काखेपर्यंत पसरलेली असते. निष्णात सर्जनच्या हातूनही थोडी मागे राहते. म्हणून पुढे कधीही छातीवर किंवा काखेत गाठ लागली, तर ‘आता तिथं काय व्हायचंय’ म्हणून अंगावर काढू नये.

बीजांडकोश आणि बीजवाहिन्या काढल्यावरही पोटाच्या अस्तराचा, म्हणजे पेरिटोनियमचा, कर्करोग क्वचित होतो. बीजांडकोशाचे म्हणून ओळखले जाणारे बरेच कर्करोग मुळात बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी सुरू होतात, आणि तिथून सुटलेल्या पेशी ऑपरेशनआधीच अस्तरावर रुजलेल्या असू शकतात. बीआरसीए-१ या जनुकात दोष असल्यास हे ऑपरेशन साधारण ३५ ते ४० या वयातच सुचवतात, ते यासाठीही. काढलेल्या बीजवाहिनीच्या दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या करून ती पूर्ण तपासली गेली पाहिजे. एखादा तुकडा पाहून ‘नॉर्मल’ लिहिलेला रिपोर्ट पुरेसा नाही. पॅथॉलॉजिस्टने संपूर्ण तपासणी केली का, हे रुग्णाने निःसंकोच विचारावं. तो तिचा हक्क आहे. — संपा.