चांद्रयान-१ आणि तापमानाच्या दोन नोंदी : एक ऐतिहासिक विवेचन

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात मार्च-एप्रिल महिन्यांत पूर्वेचे कोरडे वारे सुटले आणि समुद्रावरील वारा पोहोचण्यास उशीर झाला, की पारा ४० अंशांच्या पुढे जातो. त्याच दुपारी कुलाब्याची नोंद कित्येक अंशांनी कमी असू शकते. दोन्ही आकडे खरे असतात. मात्र त्यांची तुलना ग्राह्य ठरण्यास दोन्ही ठिकाणचे तापमापक सावलीत, हवेशीर पेटीत व जमिनीपासून ठरावीक उंचीवर असावे लागतात. केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी जेथे काम केले, त्या कुलाबा वेधशाळेसारख्या संस्थांनी ही शिस्त रुजविली. उन्हात ठेवलेला तापमापक हवेचे नव्हे, तर स्वतःचेच तापमान सांगतो.

अंतराळात तर हवाच नाही. तेथील प्रत्येक नोंद कोणत्या तरी वस्तूची, किंबहुना त्या वस्तूच्या एका विशिष्ट भागाची असते. ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ या अंतराळ-उड्डाणाच्या संगणकीय खेळात यानाच्या भागांचे तापमान केल्विनमध्ये दिसते. बाह्य आवरण आणि अंतर्भाग यांचे आकडेही वेगळे असतात. ३१० हा आकडा पाहून बाहेर इतकी उष्णता कशी, असे विद्यार्थी विचारतो. वस्तुतः ते ३७ अंश सेल्सिअस असून ‘बाहेर’ला तेथे तापमान असे नसतेच. हा गोंधळ केवळ नवशिक्यांचा नाही. भारताच्या पहिल्या चंद्रमोहिमेच्या इतिहासातही तो डोकावतो.

चांद्रयान-१ चे प्रक्षेपण २२ ऑक्टोबर २००८ रोजी झाले व १२ नोव्हेंबरपर्यंत ते चंद्रापासून सुमारे १०० कि.मी. उंचीच्या ध्रुवीय कक्षेत स्थिरावले. महिनाअखेरीस प्रकल्प संचालक एम. अण्णादुराई यांनी यानावरील तापमान ५० अंश सेल्सिअसपर्यंत चढल्याचे जाहीर केले. यान सुमारे २० अंशांनी वळविण्यात आले, काही उपकरणे बंद ठेवण्यात आली आणि उरलेली एकावेळी एक अशी चालविण्याचे ठरले. कारण उघड होते. कक्षेचे प्रतल अवकाशात जवळजवळ स्थिर राहते. त्यामुळे वर्षातून दोनदा यान चंद्राच्या भर मध्यान्हीच्या प्रदेशावरून जाते. तेथील पृष्ठभाग सुमारे १२० अंशांपर्यंत तापतो आणि प्रत्येक चौरस मीटरमागे जवळपास १२०० वॉट अवरक्त प्रारण बाहेर टाकतो. पृथ्वीच्या बाबतीत हे प्रमाण सरासरी २४० वॉट आहे. म्हणजे यान वरून सूर्याने व खालून चंद्राने, असे दोन्हीकडून भाजले जात होते.

१९ मे २००९ रोजी कक्षा २०० कि.मी. उंचीवर नेण्यात आली. नियोजित उद्दिष्टे साध्य झाल्याने अधिक उंचीवरून नवा अभ्यास करण्यासाठी, असे कारण त्या वेळी देण्यात आले. २९ ऑगस्टला संपर्क तुटला. दोन वर्षांची मोहीम ३१२ दिवसांत संपली. त्यानंतर सप्टेंबरमध्ये इस्रोच्या उपग्रह केंद्राचे संचालक टी. के. अ‍ॅलेक्स यांनी निराळे सांगितले : १०० कि.मी. उंचीवर सुमारे ७५ अंश तापमान गृहीत धरले होते, प्रत्यक्षात ते त्याहून अधिक निघाले, म्हणून कक्षा वाढवावी लागली.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबावयास हवे. ५० आणि ७५ हे आकडे परस्परविरोधी आहेत, असे वरवर वाटते. परंतु ते यानाच्या एकाच भागाचे आहेत असे मानण्यास आधार नाही. ‘१०० कि.मी. उंचीवरील तापमान’ हा शब्दप्रयोग तर भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अपुराच आहे. त्या उंचीवर असते ते प्रारण. तापमान येते ते यानाला, आणि तेही त्याचा रंग, आवरण, दिशा व आतील उपकरणांचा वीजवापर यांवर ठरते. कक्षा उंचावण्याचा लाभही मर्यादित होता. चंद्राचा पृष्ठभाग सर्वत्र सारखा तापला आहे असे मानून हिशेब केल्यास, चंद्राकडे तोंड असलेल्या सपाट पत्र्यावर पडणारी उष्णता १०० वरून २०० कि.मी.वर गेल्याने जेमतेम १० टक्क्यांनी घटते. त्यामानाने उपकरणे आळीपाळीने चालविण्याचा साधा उपाय अधिक मोलाचा असावा. मे महिन्यातील आणि सप्टेंबरमधील स्पष्टीकरणांपैकी दुसरे अधिक विश्वसनीय वाटते, कारण ते नोव्हेंबरमधील घटनाक्रमाशी जुळते. पण त्यातील ७५ हा आकडा कोणत्या भागाचा, हे सांगितल्याविना पुरावा म्हणून वापरता येत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या चंद्रभूमीत खुपसलेल्या तापमापकाच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या, त्या मात्र खोलीनिहाय आलेखाच्या रूपात. पृष्ठभागाजवळ सुमारे ५० अंश, तर ८ सें.मी. खाली उणे १० च्या आसपास. प्रत्येक आकड्याशेजारी त्याची जागा नोंदलेली होती.

चांद्रयान-१ चे आतील आकडे पृथ्वीवर येणे २००९ मध्येच थांबले. जुलै २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथील रडारने ते चंद्राभोवती सुमारे २०० कि.मी. उंचीवर फिरताना पुन्हा हेरले.