पेशव्यांचा नसलेला गुलाब

कसबा पेठेतल्या आमच्या वाड्याच्या अंगणात एक गुलाबी गुलाब आहे. गावठी, घमघमाट सुटणारा. पाहुणे आले की बाबा हमखास सांगतात, "हा पेशव्यांच्या बागेतला बरं का!" शनिवारवाडा हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कोणी शंका घेत नाही. मीही कधी घेतली नव्हती.

पण आता वाडा रीडेव्हलपमेंटला जातोय. झाड वाचवायचं तर ते नेमकं कोणतं, हे कळायला हवं. दोन वीकेंड त्यात घातले, आणि बाबांच्या गोष्टीत बग सापडला.

आमचा गुलाब बाराही महिने फुलतो. कनौज-गाझीपूरकडे अत्तरासाठी लावतात तो दमास्क गुलाब मात्र वर्षातून एकदाच, मार्च-एप्रिलमध्ये फुलतो. बारमाही फुलणं ही चिनी गुलाबाची देणगी. गुलाबात केएसएन नावाचं एक जनुक फुलण्याला ब्रेक लावतं. चिनी गुलाबात डीएनएचा एक उपरा तुकडा मध्येच घुसला आणि तो ब्रेक निकामी झाला, हे 2012 मध्ये सिद्ध झालं. थोडक्यात, बगचं फीचर झालं!

दमास्कचा वास आणि चिनीचं बारमाही फुलणं एकत्र असलेला, आपल्याकडे घरोघरी लावला जाणारा गुलाब म्हणजे एडवर्ड. पान, काटे, पाकळ्या, सगळं आमच्या झाडाशी जुळलं. त्याचं गाव मात्र पुणे नव्हे, तर मॉरिशसशेजारचं रेयुनियन बेट. तिथे शेताच्या कुंपणाला हे दोन्ही गुलाब लावायचे. त्यांचा आपसूक संकर झाला. 1817 च्या सुमारास तो ब्रेआँ नावाच्या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाच्या नजरेत भरला आणि 1819 मध्ये त्याचं बी पॅरिसला गेलं.

आता आपल्याकडची तारीख बघा. 17 नोव्हेंबर 1817 ला शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला. म्हणजे हा गुलाब तिकडे कुंपणात सापडत होता, तेव्हा इकडे पेशवाई संपत होती. पेशव्यांच्या बागेत तो असणार कसा?

मोठ्या तोऱ्यात हे आजीला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मला माहितीये. सासूबाईंनी माहेरून, वाईहून आणली होती काडी. पण पेशव्यांचा म्हटलं की घरातले पुरुष पाणी घालतात."

मग तिने खरी गोष्ट सांगितली. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं. आमचा वाडा नदीच्या बाजूचा. अंगणात पुरुषभर पाणी, नंतर गुडघाभर चिखल. गुलाब गेला. पण पणजीने गुलकंदासाठी म्हणून एक काडी रास्ता पेठेतल्या नणंदेला दिली होती. पुढच्या पावसाळ्यात तिकडून काडी परत आली. आजचं झाड ते.

हे ऐकून मी गप्पच झालो. हा गुलाब बीपासून नाही, काडीपासून लावतात. त्यामुळे प्रत्येक रोप म्हणजे तेच जुनं झाड, फक्त पत्ता नवीन. आम्ही जपला म्हणून तो टिकला नाही, तर पणजीने तो वाटला म्हणून टिकला. बॅकअप कायम दुसऱ्याच्या घरी ठेवावा, हे आम्ही ऑफिसात शिकतो. ती ते न शिकताच करत होती.

असो. जुलैत मी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सहा काड्या लावल्या. खालची पानं काढली, कुंड्या सावलीत ठेवल्या. चार वाळल्या, दोन धरल्या. एक आमच्याबरोबर भाड्याच्या घरी येईल. दुसरीही ठेवावी असं वाटत होतं, पण आजीने ती शेजारच्या काकूंना देऊन टाकली.

बाबा अजून "पेशव्यांचा" म्हणतात. मी आता दुरुस्त करत नाही. पाणी घालतात ना, मग झालं.