तळटीप : एडिटर आणि भाषा-सर्व्हर यांच्यातली वाटणी

‘एकात्मिक साधने’ म्हणजे सगळे एकाच प्रोग्रॅममध्ये कोंबलेले, असा समज होऊ शकतो. मायक्रोसॉफ्टने रेड हॅट व कोडेन्व्ही यांच्यासह 2016 साली जाहीर केलेला लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एडिटर आणि भाषेची जाण पुरवणारा वेगळा प्रोग्रॅम (भाषा-सर्व्हर) यांच्यातला संवादाचा करार, हा समज खोडून काढतो. पूर्वी दहा एडिटर आणि दहा भाषा म्हणजे शंभर जोडण्या लिहाव्या लागत. आता वीस पुरतात. पण खरे मोल या बचतीत नाही, मालकी ठरवण्यात आहे. फाइल उघडी असेतोवर एडिटरपाशी असलेला मजकूर तोच खरा. सर्व्हरने डिस्कवरची प्रत प्रमाण मानायची नाही. हा नियम नसता, तर जतन न केलेल्या ओळींबाबत दोघे दोन वेगवेगळ्या मजकुरांविषयी बोलत राहिले असते.

सामायिक करारात प्रत्येक भाषेची खास ताकद मावत नाही, हा आक्षेप रास्त आहे. एकसंध साधन अधिक खोल जाऊ शकते. मात्र या कराराचा सर्वांत त्रासदायक दोष वाटणीतून नव्हे, ती अपुरी राहिल्याने आला. ओळीतले स्थान यूटीएफ-16 या अक्षर-संकेतनाच्या एककांत मोजण्याची सक्ती होती, कारण मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड हा एडिटर ज्या जावास्क्रिप्टवर उभा आहे तिचे अंतर्गत मापच करारात शिरले. देवनागरी ‘क’ त्या मापाने एक एकक, यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट. त्यामुळे यूटीएफ-8 वापरणाऱ्या सर्व्हरला दरवेळी रूपांतर करावे लागे. 2022 च्या 3.17 आवृत्तीपासून हे माप दोन्ही बाजूंना आपसांत ठरवता येते.