गुराखी, कोळी, बालविधवा: ख्रिस्ती श्रद्धेत देव नेतृत्वासाठी ‘साधी’ माणसं का निवडतो?

हातात सत्ता नाही, घराण्याचं नाव नाही, समाजात फारशी पत नाही. अशा माणसाला कुणी नेता करेल का? ख्रिस्ती श्रद्धेचं उत्तर आहे, हो. देव अनेकदा अशाच माणसाला निवडतो, असं ही श्रद्धा सांगते.

उल्हासनगर कॅम्प ४, अंबरनाथ, बदलापूर यांसारख्या कष्टकरी वस्त्यांत ही कल्पना फक्त पुस्तकातली नाही. अशा ठिकाणी एखाद्या खोलीत किंवा भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या छोट्या प्रार्थना मंडळ्यांचं नेतृत्व अनेकदा नोकरीधंदा सांभाळणारी माणसंच करतात. मग ही कल्पना आली कुठून? महाराष्ट्रात तिचं ठळक उदाहरण कोणतं? आणि ‘देवानं मला निवडलं’ असं कुणी म्हटलं, तर ते पारखायचं कसं? समजून घेऊया.

बायबलमध्ये काय सांगितलं आहे?

बायबलमधले बरेच नेते पहिल्या नजरेत ‘चुकीची निवड’ वाटतात.

• मोशे: आपल्याला नीट बोलता येत नाही, असं सांगून त्याने जबाबदारी टाळायचा प्रयत्न केला. फारोसमोर उभा राहिला तेव्हा त्याचं वय ८० होतं आणि हातून एक खूनही झालेला होता.
• गिदोन: आपलं कूळ दुबळं आणि आपण घरात सगळ्यांत लहान, अशी त्याची सबब होती. पुढे तो फक्त ३०० माणसं घेऊन लढला.
• दावीद: इशायच्या ८ मुलांपैकी सगळ्यांत धाकटा. राजा निवडायला शमुवेल संदेष्टा घरी आला, तेव्हा दावीद मेंढरं राखत होता. त्याला बोलवावं असं घरच्यांना सुचलंही नव्हतं.
• पेत्र: गालील समुद्रावरचा कोळी. येशूला अटक झाल्यावर त्याने तीनदा ओळख नाकारली. तरी सुरुवातीच्या मंडळीचा तो प्रमुख आवाज ठरला.
• मरीया मग्दालीया: स्त्रीच्या साक्षीला फारसं वजन नसलेल्या काळात, येशूच्या पुनरुत्थानाची बातमी शिष्यांपर्यंत तिने पोहोचवली, असं योहानाचं शुभवर्तमान सांगतं.

यामागचं कारण पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात मांडलं आहे. जगाच्या नजरेत दुबळे आणि क्षुल्लक असलेले निवडले जातात, म्हणजे कुणालाही स्वतःची बढाई मारायला जागा उरत नाही, असा त्याचा आशय आहे. थोडक्यात, श्रेय माणसाचं नाही, देवाचं.

महाराष्ट्रातलं उदाहरण: केडगाव

पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावात १०० हून अधिक वर्षांपूर्वी जे घडलं, ते या विषयाचं आपल्याकडचं सर्वांत बोलकं उदाहरण आहे.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. आईवडिलांनी त्यांना संस्कृत शिकवलं. दुष्काळात आईवडील गेले. १८७८ मध्ये कोलकात्यात विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. बिपिन बिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेर लग्न केलं. पण १८८२ मध्ये पती वारले. तेव्हा रमाबाई २३ वर्षांच्या होत्या आणि पदरात लहान मनोरमा होती. त्या काळच्या समाजात विधवेचं स्थान काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली आणि स्त्रियांना आसरा दिला. त्यातून केडगावचं ‘मुक्ती सदन’ उभं राहिलं. १९०० च्या सुमारास तिथे सुमारे २ हजार जणी राहत होत्या.

१९०५ मध्ये काय घडलं?

१९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी मुक्तीमध्ये रोज प्रार्थनेचा गट सुरू केला. सुरुवातीला त्यात सुमारे ७० जणी होत्या. जूनपर्यंत हा आकडा ५५० च्या आसपास गेला. जूनच्या अखेरीस मुली रडत, पापांची कबुली देत, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. ख्रिस्ती इतिहासात याला ‘मुक्तीचं संजीवन’ म्हणतात.

महत्त्वाचं आहे ते पुढचं. हे पुढे नेणाऱ्या कोण होत्या? दुष्काळातून वाचलेल्या अनाथ मुली आणि बालविधवा. त्यांनीच प्रार्थना चालवल्या आणि गट करून आसपासच्या गावांत प्रचारालाही गेल्या. ज्यांचं तोंड पाहणंही अशुभ मानलं जाई, त्या उभ्या राहून बोलत होत्या आणि लोक ऐकत होते.

मुक्तीत काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर पुस्तिका लिहिली. ती चिलीतल्या हूवर दांपत्यापर्यंत पोहोचली. १९०९ मध्ये तिथे सुरू झालेल्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या प्रेरणांमध्ये तिची गणना होते.

त्याच काळात जगात इतरत्रही असंच घडत होतं. वेल्समधल्या १९०४-०५ च्या संजीवनाचा चेहरा होता इव्हान रॉबर्ट्स, कोळसा खाणीत काम केलेला तरुण. १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या सभांचं नेतृत्व केलं विल्यम सेमूर यांनी. त्यांचे आईवडील पूर्वी गुलाम होते.

लक्ष्मीबाई टिळक: सोवळ्यातून बाहेर

दुसरं उदाहरण मराठी वाचकांच्या ओळखीचं आहे. लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर पती नारायण वामन टिळकांनी त्यांना वाचायला शिकवलं. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले आणि संसार दुभंगला. कडक सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी आधी जातिभेद सोडला आणि नंतर स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ महाकाव्य पुढे त्यांनीच लिहिलं. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ आज मराठीतल्या श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणली जातात.

‘साधा’ म्हणजे अडाणी का?

नाही. इथेच मोठा गैरसमज होतो. मोशे फारोच्या राजवाड्यात वाढला होता. पौल गमलिएलसारख्या गुरूकडे शिकला होता. रमाबाई तर प्रकांड पंडित होत्या. बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ते भाषांतर मुक्तीच्या छापखान्यात तिथल्या स्त्रियांनीच छापलं. मुलींना तिथे लिहिणं-वाचणं, शेती, विणकाम असं बरंच काही शिकवलं जाई. म्हणजे निवड ‘अनपेक्षित’ असली, तरी तयारीतून सुटका नव्हती.

टीका आणि प्रश्न

रमाबाईंवर टीका झाली, तीही सगळ्या बाजूंनी. शारदा सदनात मुलींचं धर्मांतर होतं, असा आरोप झाला. ‘केसरी’ने त्यांना धारेवर धरलं. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दुसरीकडे, इंग्लंडमध्ये असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायला चर्चच्या बिशपांनीच हरकत घेतली होती. ‘देव कुणालाही निवडतो’ हे मान्य करणाऱ्या संस्थेलाही ती निवड प्रत्यक्षात पचवणं जड जातं, हे यातून दिसतं.

आणखी एक सल आहे. रमाबाई आणि मिनी अब्राम्स यांची नावं इतिहासात राहिली. गावोगाव गेलेल्या त्या शेकडो मुलींपैकी बहुतेकींची नावं मात्र आज कुणाला ठाऊक नाहीत.

मग ‘मला देवानं निवडलं’ हा दावा पारखायचा कसा?

रीलवर कुणीही हा दावा करू शकतं. बायबल मात्र दाव्यावर थांबत नाही.

१. वागणूक: तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीच्या पुढाऱ्यासाठी अटी आहेत. संयम, पाहुणचार, भांडखोर नसणं, पैशाचा लोभ नसणं.
२. फळ: झाड फळावरून ओळखावं, अशी येशूची शिकवण आहे. सभेतली गर्दी किंवा फॉलोअर्स म्हणजे फळ नव्हे.
३. जाब: दावीद राजा चुकला तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला तोंडावर सुनावलं. पेत्रालाही पौलाने सर्वांसमोर अडवलं. निवडलेला माणूस प्रश्नांच्या वर नसतो.
४. फायदा कुणाचा: नेत्यामुळे त्याचं स्वतःचं बस्तान बसलं, की सगळ्यांत दुबळ्या माणसाला उभं राहता आलं?

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. केडगावची संस्था आजही निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी काम करते.