पंचगंगेपासून आर्नोपर्यंत

कोल्हापूरहून युरोपला निघालेल्या पहिल्या मोठ्या मंडळाचे प्रमुख होते वीस वर्षांचे छत्रपती राजाराम महाराज. साल 1870. चार वर्षांपूर्वी दत्तक येऊन ते गादीवर बसले होते. त्यांचे शिक्षक जमशेदजी उनवाला यांनी त्यांना इंग्रजी शिकवले होते, इतके की महाराज रोजनिशी इंग्रजीत लिहीत. राज्यावर असताना इंग्लंडला गेलेले पहिले हिंदू राजे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

आज परदेशी सहलीचा पहिला दिवस विमानतळावर सुरू होतो. त्या काळी हा पहिला दिवस गाठायलाच कित्येक दिवस लागत. कोल्हापूरला रेल्वे नव्हती. मिरजेहून फाटा येऊन गावात गाडी आली ती 1891 साली. मुंबई-पुणे रेल्वे बोरघाटातून सुरू होऊन जेमतेम सात वर्षे झाली होती. म्हणजे आगगाडीत बसायचे तर आधी पुण्यापर्यंतची सव्वादोनशे किलोमीटरहून जास्त वाट रस्त्याने कापायची, नाहीतर घाट उतरून कोकणातले बंदर गाठायचे.

त्याहून अवघड वाट होती ती घरातली. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागते, हा समज तेव्हा साध्या गृहस्थालाही अडवायचा. इथे तर प्रश्न शिवछत्रपतींच्या घराण्याच्या गादीचा होता. पाणी कुणाच्या हातचे प्यायचे, अन्न कोण शिजवणार, बोटीवर सोवळे कसे सांभाळायचे, या सगळ्याचा विचार निघण्याआधीच करावा लागे. म्हणून महाराजांच्या बरोबर सरदार आणि शिक्षक होते, तसे आपले स्वयंपाकी आणि सेवकही होते. ब्रिटिश सरकारच्या पोलिटिकल खात्यातले कॅप्टन एडवर्ड वेस्ट हेही सोबत होते. मराठी सहल कंपन्या आज युरोपात गरम वरण-भात देण्याची हमी देतात. त्या हमीचे मूळ शोधायचे तर ते या राजेशाही मुदपाकखान्यापर्यंत जाते.

मे महिन्यात मंडळी निघाली आणि जूनमध्ये लंडनला पोचली. पुढचे पाच महिने रोजनिशीत नोंदलेले आहेत. राणी व्हिक्टोरियाची भेट, युवराजांची भेट, पार्लमेंट, विद्यापीठे, स्कॉटलंड, आयर्लंड. पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग भेटले, दादाभाई नौरोजी भेटले. वेस्ट यांनी संपादित केलेली ही रोजनिशी 1872 मध्ये लंडनला स्मिथ, एल्डर अँड कंपनीने छापली. तिची भाषा साधी आहे. पाहिले ते लिहिले, अशी. एका तरुण राजाला शाळा, इस्पितळे, कारखाने पाहण्यात किती गोडी होती हे तिच्यातून कळते, आणि म्हणूनच ती वाचताना पुढचे ठाऊक असलेल्या वाचकाचा जीव हळहळतो.

परतीची वेळ आली ती नेमकी हिवाळ्यात. जुलैपासून फ्रान्स आणि प्रशियाचे युद्ध पेटले होते, पॅरिसला वेढा पडला होता. फ्रान्समधून दक्षिणेला उतरण्याची नेहमीची वाट बंद. मंडळींनी बेल्जियम, जर्मनी आणि आल्प्स ओलांडून इटली असा फेरा धरला. पंचगंगेकाठच्या हवेत वाढलेल्या माणसाला नोव्हेंबरातले आल्प्स म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. टायरॉलमधल्या इन्सब्रुकला महाराजांची प्रकृती ढासळली. ब्रेनर खिंडीतून तशाच अवस्थेत त्यांना खाली आणले. फ्लॉरेन्सला पोचल्यावर डॉक्टरांनी उपाय केले, पण 30 नोव्हेंबर 1870 रोजी तिथल्या हॉटेलात त्यांनी प्राण सोडला.

पुढची रात्र कोल्हापूरच्या इतिहासात विलक्षण आहे. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीच्या राज्याची राजधानी होते. कॅथलिक शहरात उघड्यावर प्रेत जाळणे हे कुणी पाहिलेले नव्हते. त्या देशातले पहिले आधुनिक दहन मिलानला झाले तेच 1876 मध्ये. तरीही सोबतच्या मंडळींनी आग्रह धरला आणि शहराच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली. जागा निवडली ती कॅशीने उद्यानाच्या पश्चिम टोकाची, जिथे मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. संगमाचे महत्त्व कोल्हापूरकरांना शिकवावे लागत नाही; प्रयाग चिखलीला नद्या एकत्र येऊन पंचगंगा होते ती जागा त्यांच्या रोजच्या ओळखीची. मध्यरात्र उलटल्यावर देह तिथे नेला. सजवलेला देह, तूप, कापूर, लाकडांची चिता, आणि थंडीत उभे राहून पाहणारे फ्लॉरेन्सचे लोक. चिता सकाळपर्यंत जळत होती. परक्या मुलखात, अपरिचित कायद्यापुढे, इतक्या थोड्या वेळात आपल्या राजाचा अंत्यविधी रीतसर पार पाडणाऱ्या त्या सोबत्यांचे कौतुक इतिहासाने फारसे केले नाही. ते व्हायला हवे होते.

त्या जागेवर 1874 साली छत्री उभी राहिली. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, छत्रीखालचा अर्धपुतळा शिल्पकार फुलर यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा याच मँट यांनी योजला. त्यामुळे नवा राजवाडा पाहून मोठा झालेला माणूस कॅशीनेत गेला तर घुमटाखालचे खांब त्याला ओळखीचे वाटतात. फ्लॉरेन्सचे लोक त्या स्मारकाला ‘इंदियानो’ म्हणतात. 1978 मध्ये जवळच आर्नोवर तारांनी तोललेला पूल झाला, त्याचे नाव ‘पोंते आल इंदियानो’, म्हणजे त्या हिंदी माणसाच्या जागेचा पूल. इकडे 1880 साली सुरू झालेल्या राजाराम कॉलेजाने त्यांचे नाव जपले.

असा शेवट होऊनही कोल्हापूरने परदेशाकडे पाठ फिरवली नाही. 1878 मध्ये गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिले ते कोल्हापुरातून. ते पत्र अमेरिकेत छापले गेले आणि त्यातून आनंदीबाईंची 1883 मधली सागरयात्रा घडली. डॉक्टर होऊन त्या परतल्या तेव्हा कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातली, म्हणजे आजच्या सीपीआरमधली, जागा त्यांना देऊ केली होती. आजारपणाने त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. पुढे 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज इंग्लंडला गेले. मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानातल्या निम्म्या जागा राखून ठेवण्याचा 26 जुलै 1902 चा हुकूम निघाला तो ते तिकडे असतानाच. याच दौऱ्यात फ्लॉरेन्सला जाऊन त्यांनी आपल्या पूर्वसुरींच्या समाधीचे दर्शन घेतले.

सामान्य माणसाचा पासपोर्ट निघायला मात्र पुढे कितीतरी दशके गेली. 1984 मध्ये केसरी पाटील यांनी मुंबईत सहल कंपनी काढली, आणि मराठी बोलणारा टूर मॅनेजर, मराठी सोबती, ओळखीचे जेवण या तिन्हींमुळे शिक्षक, दुकानदार, निवृत्त अधिकारी असे लोक निर्धास्त होऊन निघू लागले. आता डिसेंबरात रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने किंवा खासगी बसने माणसे मुंबईला जातात. निघण्याआधी अंबाबाईचे दर्शन होते. बॅगेत थर्मल, कानटोपी, भडंग आणि चटणीच्या पुड्या असतात. विमानतळावर नावाची पट्टी गळ्यात पडते, अनोळखी चाळीस माणसांची ओळख होते, आणि दुसऱ्या दिवशी ती युरोपात उतरतात.

युरोपच्या बहुतेक सहलींत फ्लॉरेन्सला अर्धा दिवस मिळतो. कॅथेड्रल, दाविदचा पुतळा, पोंते वेक्क्यो, खरेदी, आणि बस पुढे. कॅशीने त्या यादीत नसते. कोल्हापूरच्या मंडळींनी टूर मॅनेजरकडे पहिल्याच दिवशी एक मागणी करावी: फ्लॉरेन्समध्ये दोन तास जास्त द्या. आर्नोच्या काठाने पश्चिमेला गेले की उद्यान लागते, ते साडेतीन किलोमीटर पसरले आहे, आणि त्याच्या अगदी शेवटच्या टोकाला छत्रपती राजाराम महाराजांची छत्री उभी आहे.