जोडे शिवणारे कॅरे आणि डॉरोथीबाई

आपल्या जालन्याजवळ बेथेल आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात तिथं ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती वसवली. तिथल्या बायाही आपल्यासारख्याच शेतात राबतात, आणि रविवारी देवळात मराठी बायबल ऐकतात. हे बायबल मराठीत छापायला सुरुवात कोणी केली? एका जोडे शिवणाऱ्या माणसानं. त्यांचं नाव विल्यम कॅरे. आज आम्ही त्यांची गोष्ट सांगणार आहोत, आणि त्यांच्या बायकोचीही. कॅरेंवर पुस्तकं पुष्कळ निघाली, पण बायकोची गोष्ट त्यांत बहुधा दोन ओळींत आटपतात.

कॅरेंचा जन्म 17 ऑगस्ट 1761 चा, इंग्लंडमधल्या एका खेड्यातला. वडील हातमागावर कापड विणायचे, पुढे गावच्या शाळेत मास्तर झाले. पोराला आधी बागकामाला लावलं, पण उन्हानं त्याच्या अंगावर चट्टे उठायचे. मग चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याला चपला-जोड्यांच्या कारागिराकडं शिकायला ठेवलं. आरी, रापी आणि चामडं हेच पुढं त्याच्या पोटाचं साधन झालं. जवळच पुस्तक उघडं ठेवायचं आणि हातानं टाके घालायचे. लॅटिन, ग्रीक, हिब्रू या भाषा त्यांनी अशाच शिकून घेतल्या. कामाच्या जागी भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता. कुठल्या देशात किती माणसं, त्यांचा धर्म कोणता, हे त्यांनी त्यावर लिहून ठेवलं होतं.

आपल्याकडं चामड्याच्या कामाला काय वागणूक मिळते, ते तुम्हाला सांगायला नको. तिकडं आपल्यासारखा विटाळ नव्हता, पण मान कमीच होता. कॅरे पुढं कलकत्त्यात मोठ्या हुद्द्यावर पोचले. तेव्हा एका मेजवानीत कुणीतरी मुद्दाम विचारलं, हे पूर्वी जोडे बनवायचे ना? कॅरेंनी उत्तर दिलं की नाही हो, नवे जोडे बनवणारा नाही, जुने दुरुस्त करणारा. आम्हाला हा माणूस इथंच आवडला.

1781 साली त्यांचं डॉरोथी प्लॅकेट यांच्याशी लग्न झालं. नवरा एकोणीस वर्षांचा, बायको त्याच्यापेक्षा पाचएक वर्षांनी मोठी. लग्नाच्या नोंदवहीत डॉरोथीबाईंनी सहीच्या जागी फुली केली, कारण त्यांना लिहिता येत नव्हतं. आपल्या गटाच्या पहिल्या बैठकीत किती जणींनी अंगठा केला होता, आठवतं ना? या जोडप्याला सात मुलं झाली. दोन्ही मुली लहानपणीच गेल्या.

1793 साली कॅरेंनी धर्मप्रचारासाठी हिंदुस्थानात जायचं ठरवलं. डॉरोथीबाईंनी नाही म्हटलं. त्या गरोदर होत्या, आणि आपल्या गावापासून त्या कधी लांब गेलेल्या नव्हत्या. कॅरे थोरल्या मुलाला घेऊन निघालेसुद्धा, पण जहाज लांबलं. दरम्यान बाई बाळंत झाल्या. मग पुन्हा मनधरणी झाली, आणि बहीण सोबत येत असेल तर येते, असं त्या म्हणाल्या. कडेवर महिन्याभराचं पोर घेऊन त्या जहाजावर चढल्या. पाच महिन्यांचा प्रवास होता तो. नोव्हेंबरात बंगालला पोचले.

पहिली वर्षं फार हालाची गेली. पैसे संपले. घरात हगवण शिरली. माळद्याकडं निळीच्या कारखान्यात नोकरी मिळाली, पण 1794 मध्ये पाच वर्षांचा पीटर गेला. परक्या मुलखात, परक्या जातीधर्माच्या मुलाला मूठमाती द्यायला माणसं मिळायची मारामार झाली. त्यानंतर डॉरोथीबाईंचं मन सावरलं नाही. नवरा आपल्याला फसवतोय असा संशय त्यांना धरून बसला. त्या रस्त्यात त्यांच्यामागं जायच्या, आरडाओरडा करायच्या. शेवटी त्यांना खोलीत बंद ठेवावं लागलं. 8 डिसेंबर 1807 ला त्या वारल्या, तोवर बारा वर्षं अशीच गेली होती.

आणि याच वर्षांत कॅरेंचं मोठं काम झालं. 1800 पासून ते हुगळीकाठच्या श्रीरामपुरात राहायला होते. आपल्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, हे बंगालमधलं. तिथं छापखाना काढला. पंचानन कर्मकार नावाचे लोहार त्यांच्यासाठी अक्षरांचे खिळे घडवायचे. जोडे शिवणारा आणि लोहार, अशा दोन कारागिरांच्या हातांनी ते काम उभं राहिलं. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरे बंगाली शिकवायचे, पुढं संस्कृत आणि मराठीही. नागपूरकडचे पंडित वैजनाथ त्यांना मराठीत मदत करायचे. 1805 साली कॅरेंचं मराठी व्याकरण निघालं, 1810 साली मराठी कोश, 1811 साली मराठी नवा करार. सिंहासन बत्तिशी आणि हितोपदेशाची मराठी पुस्तकंही त्याच छापखान्यातली. 1812 च्या मार्चमध्ये छापखाना जळाला, किती तरी हस्तलिखितं राख झाली. महिन्याभरात नवे खिळे ओतायला लागले!

म्हणजे मराठी व्याकरणाची पानं तयार होत होती, तेव्हा त्याच घरात बाई कोंडलेल्या होत्या. कॅरेंनी त्यांना वेड्यांच्या इस्पितळात टाकलं नाही, घरातच ठेवलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्या काळच्या इस्पितळात काय हाल व्हायचे, ते वाचवत नाही. पण नाही म्हणणाऱ्या बाईला जहाजावर चढवलं, हेही सांगायला हवं. आमच्यातल्या काही जणींचं मत असं की कॅरेंनी थांबायला हवं होतं. आम्हालाही तसंच वाटतं, मराठीला त्यांचा कितीही उपयोग झाला असला तरी.

परक्या बायकांचं दुःख मात्र त्यांना दिसलं. 1799 साली बंगालमधल्या एका गावाजवळ त्यांनी सती जाताना पाहिली. लोकांना हातापाया पडून सांगितलं, कुणी ऐकलं नाही. त्यानंतर वर्षानुवर्षं त्यांनी याविरुद्ध सरकारकडं तगादा लावला. 4 डिसेंबर 1829 ला लॉर्ड बेंटिंक यांनी सतीबंदीचा कायदा केला. बंगाली तरजुम्यासाठी तो कॅरेंकडं आला, तो दिवस रविवार. रविवारी ते इतर काम करत नसत, देवळात उपदेश असायचा. त्या दिवशी त्यांनी उपदेश दुसऱ्यावर सोपवला. एक दिवस उशीर म्हणजे आणखी काही विधवा जळणार, हे त्यांना कळत होतं. पंडिताला घेऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत तरजुमा हातावेगळा केला.

झाडांचं त्यांना लहानपणापासून वेड. 1820 साली त्यांनी शेती आणि बागाईत सुधारण्यासाठी संस्था काढली. आपल्या बियाण्यांच्या जालन्यात हे सांगायलाच हवं. डॉरोथीबाईंनंतर त्यांनी दोन लग्नं केली. 9 जून 1834 ला ते श्रीरामपुरातच वारले.