वर्ल्ड सीरीज ऑफ पोकर

वर्ल्ड सीरीज ऑफ पोकर : पोकर या पत्त्यांच्या खेळातील सर्वांत मानाची स्पर्धामाला. दरवर्षी उन्हाळ्यात अमेरिकेच्या नेवाडा राज्यात, लास वेगासला भरते. मालेत पोकरच्या निरनिराळ्या प्रकारांच्या डझनावारी स्पर्धा होतात आणि प्रत्येक विजेत्याला रोख बक्षिसाबरोबर एक ब्रेसलेट मिळते. ही प्रथा १९७६ पासूनची आहे. व्यावसायिक खेळाडू पैशांपेक्षा या ब्रेसलेटांचाच हिशेब अधिक आस्थेने ठेवतात. सर्वाधिक १७ ब्रेसलेट फिल हेल्म्युथच्या नावावर आहेत.

मालेचा प्राण म्हणजे ‘मेन इव्हेंट’. तो नो-लिमिट टेक्सस होल्डेम पद्धतीने खेळतात. खेळाडूच्या हातात दोन पाने, टेबलावर सर्वांसाठी मिळून पाच उघडी पाने, आणि या सातांतून साधायचा पाच पानांचा सर्वोत्तम मेळ. समोरच्या सगळ्या चिप्स कोणत्याही क्षणी डावावर लावता येतात. चिप्स संपल्या की खेळाडू बाद.

१९७० मध्ये बेनी बिनियनने आपल्या हॉर्सशू कॅसिनोत मोजक्या नामांकित खेळाडूंना बोलावले, तेव्हा मात्र असा बाद फेरीचा नियम नव्हता. कित्येक दिवस खेळ झाला आणि विजेता मतदानाने ठरला. पहिल्या फेरीत ज्याने त्याने स्वतःलाच मत दिले, मग दुसऱ्या क्रमांकाचा कोण असे विचारल्यावर जॉनी मॉसचे नाव पुढे आले, अशी आख्यायिका आहे. पुढच्याच वर्षी बाद पद्धत आली आणि मॉसने ती स्पर्धाही जिंकली. १९७२ पासून प्रवेश शुल्क १०,००० डॉलर आहे आणि ते आजतागायत बदललेले नाही. तेव्हा ही रक्कम बड्या जुगाऱ्यांनाच झेपणारी होती. डॉलरची किंमत घसरत गेली तसा हा दरवाजा आपोआप रुंदावला. स्पर्धेच्या वाढीचे हे कारण जितके साधे, तितकेच दुर्लक्षित आहे.

जुन्या विजेत्यांत टेक्ससकडच्या फिरस्त्या खेळाडूंचा दबदबा होता. डॉयल ब्रन्सनने १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे बाजी मारली, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हातात दश्शी-दुर्री होती. ही जोडी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. १९८२ मध्ये जॅक स्ट्रॉसने सगळे गमावले असे वाटत असतानाच त्याची एक चिप टेबलावर शिल्लक सापडली. त्या एकाच चिपवरून तो विजेतेपदापर्यंत पोहोचला.

स्टू अंगरची कहाणी मात्र चटका लावणारी आहे. १९८० आणि १९८१ मध्ये विजेता ठरलेला हा न्यूयॉर्कचा पोरगेला खेळाडू अमली पदार्थांच्या आहारी गेला. १९९७ मध्ये प्रवेश शुल्कही दुसऱ्याने भरले, आणि तरी तो तिसऱ्यांदा जिंकला. बक्षीस १० लाख डॉलर होते. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९८ मध्ये, वेगासच्या एका मोटेलात त्याचा मृतदेह आढळला. तो ४५ वर्षांचा होता. बाद पद्धतीच्या मेन इव्हेंटमध्ये तीनदा जिंकणारा तो एकमेव खेळाडू.

पोकरचे जग खऱ्या अर्थाने उलटेपालटे केले ते २००३ ने. टेनेसी राज्यातला २७ वर्षांचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून वेगासला पोहोचला. अंतिम लढतीत समोर होता मुरलेला व्यावसायिक सॅम फर्हा. एका डावात मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती होती. टेबलावर पाचवे पान पडले तरी त्याची साधी जोडीही जमली नव्हती. फर्हाकडे नव्व्यांची जोडी होती. मनीमेकरने चेहरा दगडासारखा ठेवून सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. फर्हा बराच वेळ विचारात पडला आणि अखेर त्याने पाने टाकली. हूल यशस्वी झाली. खेळाडूंच्या हातातली पाने कॅमेऱ्यातून दिसत असल्याने दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांनी हे सारे श्वास रोखून पाहिले. मनीमेकरने २५ लाख डॉलर जिंकले.

त्या वर्षी ८३९ प्रवेशिका होत्या. पुढच्या वर्षी २,५७६ झाल्या, २००६ मध्ये ८,७७३. त्या साली जेमी गोल्डला १ कोटी २० लाख डॉलर मिळाले. आजवरचा उच्चांक २०२४ चा, १०,११२ प्रवेशिकांचा. एवढ्या गर्दीत नामवंतांचा निभाव लागणे कठीणच. म्हणूनच २०२५ मधील मायकेल मिझराचीचा विजय मोठा मानावा लागतो. त्याच उन्हाळ्यात त्याने ५०,००० डॉलर शुल्काची, अनेक प्रकारांत कस पाहणारी पोकर प्लेअर्स चॅम्पियनशिप चौथ्यांदा जिंकली आणि मग मेन इव्हेंटही.

भारतीयांनीही ब्रेसलेट मिळवली आहेत. निपुण जावा आणि आदित्य सुशांत यांनी २०१७ मध्ये जोडीने खेळून, तर निकिता लूथरने २०१८ मध्ये त्याच सांघिक प्रकारात. बंगळुरूच्या संतोष सुवर्णाने २०२४ मध्ये अडीच लाख डॉलर शुल्काची स्पर्धा जिंकून सुमारे ५४ लाख डॉलर मिळवले. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनो बोटींत पोकरची टेबले लागतात. महाराष्ट्रात मात्र कधीच अमलात न आलेला १९७६ चा कॅसिनो कायदाही २०२३ मध्ये रद्द झाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदी घातल्याने मनीमेकरची वाट भारतातून बंद झाली आहे.

मेन इव्हेंट अद्याप एकाही स्त्रीने जिंकलेला नाही. १९९५ मध्ये बार्बरा एनराइट पाचवी आली. त्यानंतर अंतिम टेबलापर्यंत दुसरी स्त्री पोहोचायला तीस वर्षे लागली. २०२५ मध्ये स्पेनची लिओ मार्गेट्स सातवी आली.